सादळलेला कागद, सुकलेली शाई

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर आमचं घर आहे. ३ जून २०२० च्या सकाळी मुलगी रंगवायला मोराचं चित्र हवं म्हणून मागे लागली होती. लॉकडाऊनमुळे तिला बाहेर जाता येत नव्हतं. वारा वाढत होता, पण लाईट होती, म्हणून प्रिंट दिली. मोराचा पिसारा अर्धा उमटला आणि लाईट गेली. दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. त्यानंतर प्रिंटर कुणाच्या लक्षात राहणार? पडवीची कौलं उडाली होती, वाडीतल्या पोफळी एकमेकींवर मोडून पडल्या होत्या. लाईट परत यायला तीन आठवडे लागले.

पंचनाम्याच्या कागदांना जोडायला म्हणून पडलेल्या झाडांचे फोटो छापायला घेतले, तेव्हा त्यांत हिरवा रंगच नव्हता. पिवळा येत होता, निळा पूर्ण बंद. निळा आणि पिवळा एकावर एक पडला तरच कागदावर हिरवं दिसतं. त्यामुळे नुकत्याच पडलेल्या झाडांची ओली हिरवी पानं वर्षभर वाळल्यासारखी पिवळट दिसत होती. माझ्या आईने ती प्रिंट हातात घेतली आणि काही न बोलता खाली ठेवली.

निळी शाई बाटलीत भरपूर होती. मग ती कागदापर्यंत पोचली का नाही? या एका प्रश्नामागे लागून मी इंकजेटबद्दल, म्हणजे बारीक छिद्रांतून शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरबद्दल, जे शिकले, त्याचा गाभा असा : या यंत्राला शाई छिद्रात ओली हवी असते आणि कागदावर पडली की सुकलेली हवी असते. शाईतल्या पाण्याकडून एकाच वेळी दोन उलट अपेक्षा. आणि पाण्याने काय करायचं ते बरंचसं खोलीतली हवा ठरवते. कोकणात राहून इंकजेट वापरायचा तर हे समजून घ्यावंच लागतं.

आधी थेंबाकडे बघू. पावसात कौलांवरून पडणाऱ्या पागोळ्या कधी नीट निरखल्या आहेत? पन्हाळीच्या तोंडाशी पाण्याची अखंड दोरी असते, पण हातभर खाली येईपर्यंत तिचे मणी होतात. पाण्याचा पृष्ठताण त्याला कमीत कमी पृष्ठभागात बसवू पाहतो, आणि लांब दोरीपेक्षा गोल थेंबांचा एकूण पृष्ठभाग कमी भरतो. दोरीला कुठे जराशी कंबर आली की ती आणखी आवळत जाते आणि तुटते. बेल्जियमच्या जोसेफ प्लॅटो यांनी हे प्रयोगाने अभ्यासलं आणि इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्ये त्याचं गणित मांडलं. त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, लॉर्ड केल्विन यांनी तारेचे संदेश नोंदवण्यासाठी बारीक नळीतून, विजेच्या भाराच्या जोरावर कागदावर शाई उडवणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. आपल्या टेबलावरचा प्रिंटर या घराण्यातला आहे.

फरक आकाराचा आहे. प्रिंटरच्या हेडमधलं, म्हणजे कागदावरून सरकत शाई उडवणाऱ्या भागातलं, एकेक छिद्र साधारण वीस मायक्रॉनचं (मिलिमीटरच्या वीस हजारांशाचं) असतं, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्यातून उडणारा थेंब काही पिकोलिटरचा. चार पिकोलिटरचा थेंब धरला, तर एक मिलिलिटर शाईत असे २५ कोटी थेंब बसतात. सर्दीच्या औषधाचा ड्रॉपर डोळ्यांसमोर आणा : त्याच्या जेमतेम वीस थेंबांत ही २५ कोटींची फौज.

एवढ्याशा छिद्रातून थेंब बाहेर ढकलायच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात भेटतात. गॅस पेटवायचा लायटर खटकन दाबला की ठिणगी पडते, कारण आतला स्फटिक दाबल्यावर वीज तयार करतो. क्युरी बंधूंनी, जाक आणि पिएर यांनी, १८८० मध्ये हा गुण शोधला. तो उलटाही चालतो : स्फटिकाला वीज दिली की तो किंचित आकार बदलतो. काही प्रिंटरांत असा स्फटिक छिद्रामागच्या कप्प्याची भिंत सेकंदात हजारो वेळा दाबतो आणि दर दाबाला एक थेंब उडतो.

दुसरी पद्धत तापलेल्या तव्याची. छिद्रामागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत ३०० अंशांच्या आसपास जातो, त्याला टेकलेला शाईचा पातळ थर फटकन वाफ होतो आणि तो बुडबुडा पुढची शाई बाहेर ढकलतो. बुडबुडा विरला की रिकामी जागा मागची शाई भरून काढते. ही कल्पना १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत सुचली, तीही अपघाताने : गरम सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. अमेरिकेत ह्युलेट-पॅकार्डचे लोकही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तिथेच पोचले. १९८४ मध्ये त्यांचा थिंकजेट बाजारात आला.

आता आमच्या बंद पडलेल्या निळ्याकडे येते. शाईत सर्वांत जास्त असतं ते पाणी. त्यात रंग, आणि ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे ओल धरून ठेवणारे पदार्थ. थंडीत ओठांना लावतो तेच ग्लिसरीन. हवेतली ओल ओढून घ्यायचा त्याचा गुण इथे छिद्र ओलं ठेवायला वापरलेला आहे. तरीही उघड्या छिद्राच्या तोंडाशी पाणी उडत राहतं. थेंबभर शाई आणि बाहेर अख्खी खोली. पाणी गेलं की शाई दाट होते, मग चिकट, मग घट्ट.

म्हणून काम संपलं की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी टोपीवर बसतं. त्या टोपीच्या आत शाईने ओलावलेलं पॅड असतं. बंदिस्त, दमट जागा. तिथे छिद्रं कितीतरी दिवस ओली राहतात. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला की तो आधी हे काम उरकतो आणि मगच दिवा विझवतो. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण दाबलं किंवा मध्येच लाईट गेली, तर हेड असेल तिथे उघडं राहतं. आमचं हेड अर्ध्या मोरावर तीन आठवडे उघडं पडून होतं.

कोकणात वर्षभरात लाईट किती वेळा जाते ते आपल्याला सांगायला नको. म्हणून माझा आग्रह आहे की प्रिंटर इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. इंकजेट छापताना जेमतेम दहा-वीस वॉट घेतो. लेझर प्रिंटरला पावडर वितळवून कागदावर बसवायला बराच गरम रूळ लागतो आणि तो तापताना शेकडो वॉट ओढतो. घरगुती इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. लाईट मध्येच गेली आणि इन्व्हर्टर नसला, तर परत आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून त्याच्याच बटणाने बंद करावा. दोन मिनिटांचं काम आहे.

आमचं निळं कसं सुटलं? हेड क्लीनिंग दोनदा केलं. त्यात आतला पंप छिद्रांतून शाई ओढून टाकाऊ पॅडमध्ये सोडतो, म्हणजे दर वेळी चांगली शाई खर्ची पडते. तेव्हा तिसऱ्यांदा बटण दाबण्याआधी थांबले. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घरात होतंच. प्लग काढून, टिश्यूची घडी त्या पाण्याने नुसती ओलसर केली, हेडखाली सरकवली आणि रात्रभर तशीच ठेवली. विहिरीचं पाणी वापरलं नाही, कारण ते वाळताना क्षार मागे ठेवतं आणि नवीनच बूच बसतं. सकाळी टिश्यू ओढून काढला तर त्यावर चार पट्टे उमटले होते : काळा, पिवळा, गुलाबी आणि, अगदी फिका पण होता, निळा. नोझल चेकच्या, म्हणजे छिद्रं तपासायच्या, पानावर आधी निळ्याच्या जागी कोरा कागद यायचा, आता जिन्याच्या पायऱ्यांसारख्या रेघा आल्या. मधल्या तीन गाळलेल्या. त्या पुढच्या आठवड्यात आपोआप भरल्या.

सोलापूरला माझी मावसबहीण असते. तिचा प्रिंटर एप्रिलच्या कोरड्या हवेत पंधरा दिवस वापरला नाही तरी रुसतो. आमच्याकडे पावसाळ्यात, हेड टोपीवर बसलेलं असेल, तर महिनाभरही फारसं बिघडत नाही. तिथे शाईची काळजी, इथे कागदाची.

कागद म्हणजे सेल्युलोजचे तंतू, आणि सेल्युलोजला पाण्याची फार ओढ. बिस्किटं सादळतात तसा कागद सादळतो. हवेतली आर्द्रता पन्नास टक्के असताना कागदात वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. नव्वदच्या वर ते दुपटीहून जास्त होतं. तंतू ओला झाला की जाडीत फुगतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून कागद सगळीकडून सारखा वाढत नाही, तो वळतो. वळलेलं पान रुळात तिरकं शिरतं, मऊ पडलेली दोन पानं एकमेकांना धरून एकदम ओढली जातात. जुलैत ‘पेपर जॅम’ आला की आपण प्रिंटर ठोकतो, पण गुन्हा बहुधा ट्रेमधल्या कागदाचा असतो. रिमचं वेष्टण आतून ओल अडवणारं असतं, ते फाडून टाकू नये. लागतील तेवढीच पानं काढून तोंड चिकटपट्टीने बंद करावं. मी पन्नास पानं पोह्यांच्या जुन्या डब्यात ठेवते.

सादळलेल्या कागदावर शाईही नीट बसत नाही. साध्या कागदावर ती सुकते म्हणजे आधी तंतूंमधल्या फटींत शोषली जाते आणि मग उरलेलं पाणी उडतं. कागद आणि हवा दोन्ही ओली असली की दुसरी पायरी रखडते, अक्षरांना मिशा फुटतात. फोटोच्या गुळगुळीत कागदावरची शाई वरून कोरडी वाटली तरी आत ग्लायकॉल रेंगाळत असतं. असा फोटो लगेच फ्रेममध्ये घातला तर काचेला आतून धुरकट थर येतो. गणपतीत मखरामागे लावायचा फोटो निदान एक दिवस पंख्याखाली मोकळा ठेवावा.

आंब्याच्या पेट्यांवर घरी छापलेली लेबलं लावणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. रंगाच्या शाया दोन जातीच्या असतात. डाय पाण्यात साखरेसारखा विरघळतो. पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारी अतिसूक्ष्म भुकटी, जी सुकल्यावर तंतूंत अडकून बसते. बऱ्याच प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत डायची असते. ओळखायला सोपं आहे : छापलेल्या अक्षरावर पाण्याचा एक थेंब ठेवा. रंग पसरला तर डाय. असं लेबल पहिल्या वळवाच्या सरीत नाव-पत्त्यासकट वाहून जाईल.

किनाऱ्यावरचा आणखी एक त्रास म्हणजे मीठ. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे कण कार्ट्रिजच्या (शाईच्या डबीच्या) तांबूस ठिपक्यांवर, म्हणजे विजेच्या जोडांवर बसतात. शुद्ध मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्याने ते त्याही आधी ओलावतं. बरणीतल्या मिठाला पावसाळ्यात पाणी सुटतं ते यामुळेच. असा खारट ओला थर जोडांवर बसला की धातू गंजतो आणि प्रिंटर ‘कार्ट्रिज ओळखता येत नाही’ म्हणतो. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकं पुसलं तर पुष्कळदा काम भागतं.

माझी आजी पावसाळ्यात रेशमी साड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात एक बारीक बल्ब लावून ठेवायची. हवा तापली की तिची पाणी सामावण्याची क्षमता वाढते. २७ अंशांना ९० टक्के आर्द्रता असलेली हवा नुसती ३२ अंशांपर्यंत तापवली, तर तीच आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. आजीचं ते कपाट आता माझ्या खोलीत आहे. वरच्या कप्प्यात तिच्या दोन पैठण्या, मधल्यात कागदाच्या रिमा आणि शाईच्या बाटल्या, आणि खाली आषाढ लागला की पंधरा वॉटचा पिवळा बल्ब.