कंपनीचे जुने कॉम्प्युटर शाळेला किंवा वाचनालयाला हवेत? अर्ज कुठे अडकतो ते आधी वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ऑफिसांमधून चांगले चालू कॉम्प्युटर बाहेर पडायला लागले, कारण विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. मशीन धडधाकट असतं, विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली की शाळेत नाहीतर अभ्यासिकेत अजून काही वर्षं सहज काढतं. तरीपण अर्ज परत येतात, आणि बहुतेक वेळा कागदावरून येतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

अर्ज कोण करू शकतं? जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित शाळा, शासनमान्य सार्वजनिक वाचनालय, नोंदणीकृत ट्रस्ट. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळाने स्वतःच्या नावाने अर्ज करू नये, गावातल्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या नावाने करा, काम तुम्हीच करा.

आता पहिली अडचण. कंपनीचा छापील फॉर्म ट्रस्टसाठी बनवलेला असतो, त्यात नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, १२ए (ट्रस्टची आयकर सवलतीची नोंदणी), ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळण्यासाठीची मान्यता), सीएसआर-१ (कंपन्यांचा सीएसआर निधी घेण्यासाठीची संस्थेची नोंदणी) सगळं मागितलेलं असतं. झेडपीच्या शाळेकडे यातलं काहीच नसतं, आणि शाळा सुरू झाल्याचा मूळ कागद तर पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा, तो कुणालाच सापडत नाही. मग हेडमास्तर एकतर अर्ज सोडून देतात नाहीतर कुणीतरी शिक्षक स्वतःचं पॅन जोडतो. हे कृपा करून करू नका! मशीन कागदोपत्री त्या शिक्षकाच्या नावावर जातात आणि पुढे ऑडिटला त्यालाच उत्तरं द्यावी लागतात. त्याऐवजी शाळेचा अकरा अंकी यूडायस नंबर (प्रत्येक शाळेला मिळालेला सरकारी ओळख क्रमांक) असलेली प्रिंट, लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा, आणि पत्रातच लिहा की ही शासकीय शाळा आहे, ट्रस्ट नाही, त्यामुळे बाकीची कागदपत्रं लागू नाहीत. हे एक वाक्य नसल्यामुळे फॉर्म अपूर्ण म्हणून बाजूला पडतो.

सीएसआरबद्दल, म्हणजे कंपन्यांना कायद्याने करावा लागणाऱ्या सामाजिक खर्चाबद्दल, तर गैरसमजच गैरसमज. कंपनी कामकाज मंत्रालयाने २०२१ मध्येच स्पष्ट केलंय की वस्तुरूपात दिलेल्या मदतीची किंमत लावून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही. म्हणजे नुसते वापरलेले कॉम्प्युटर द्यायचे असतील तर सीएसआर-१ मागण्याचं कारणच नाही, तरी मागतात, आणि समोरचा माणूस दोन महिने ते काढण्यात घालवतो. तसंच ८०जी ची सवलत फक्त पैशाच्या देणगीवर मिळते, वस्तूवर नाही. त्यामुळे ट्रस्टवाल्यांनी "८०जी ची पावती देऊ" असं आधी कबूल करून बसू नये, नंतर वाद होतात.

ठराव कसा लिहायचा हे फार महत्त्वाचं आहे. "१० संगणक स्वीकारण्यास मंजुरी" असं लिहिलं आणि कंपनीने १४ दिले की वरचे चार जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या रजिस्टरात) कुठल्या आधाराने चढवायचे? म्हणून "कमाल २५ पर्यंत" लिहा. "विनामूल्य किंवा नाममात्र किमतीत" असंही लिहा, कारण ज्या मालावर कंपनीने इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलंय तो फुकट दिला तरी जीएसटीत सप्लाय, म्हणजे कर लागणारा व्यवहार, धरला जातो, म्हणून अकाउंटवाले कधीकधी थोड्या रकमेचं बिल करतो म्हणतात आणि ठरावात सोय नसली की पुन्हा मीटिंग घ्यावी लागते. मशीन ताब्यात घ्यायला कोण जाणार त्याचं नाव ठरावातच टाका. ठरावाची एक प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

दुसरी मोठी अडचण हस्तांतरणाच्या पत्राची. त्यात माल ई-कचरा किंवा स्क्रॅप म्हणून लिहिला असेल तर उचलू नका, कितीही चांगला असला तरी. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे (१ एप्रिल २०२३ पासून लागू) ई-कचरा नोंदणीकृत रीसायकलर वगैरेंकडेच जायला हवा, शाळेकडे नाही. पत्रात "वापरलेले, चालू स्थितीतील संगणक, पुनर्वापरासाठी" असं हवं आणि सोबत प्रत्येक मशीनचा सीरियल नंबर, रॅम किती, हार्ड डिस्क आहे की नाही याची यादी हवी. डिस्कचं अर्जातच विचारा. डेटाच्या भीतीने बऱ्याच कंपन्या डिस्क काढून घेतात, आणि मग गावात पोचल्यावर कळतं की सगळे डबे रिकामे आहेत. "डेटा पुसल्याचं प्रमाणपत्र घेऊन डिस्कसकट द्या" अशी विनंती केली तर काहीजण देतात.

तारखेत पण लोक फसतात. "पंधरा दिवसांत माल उचलावा" यातले पंधरा दिवस पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला पत्र मिळाल्यापासून नाही. पोस्टात आठवडा गेला की तुमच्याकडे आठवडाच उरतो. ईमेल मागून घ्या आणि गाडी आधीच सांगून ठेवा.

माल घेताना फुगलेल्या बॅटरीचे लॅपटॉप आणि जुने काचेच्या नळीचे मॉनिटर घेऊ नका, ते पुढे तुमच्याच गळ्यात पडतात. व्हीजीए केबल (मॉनिटर जोडायची), पॉवर केबल मोजून घ्या. आणि मशीन चालू झालं पण एकही वेबसाइट उघडत नसेल तर आधी तारीख बघा, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि ब्राउझर सगळ्याच साइट असुरक्षित म्हणून अडवतो. सेल स्वस्त असतो, पण तेवढ्यासाठी मशीन बंद म्हणून कोपऱ्यात गेलेली असतात.

शाळेतले आधीचे बंद कॉम्प्युटर उघडून त्यांची रॅम किंवा पॉवर सप्लाय नव्यात वापरायचा असेल तर थांबा, ते जडसंग्रहात आहेत तोवर हात लावू नका. आधी निर्लेखनाचा (निकामी वस्तू नोंदवहीतून कमी करण्याचा) प्रस्ताव पाठवा, त्यात "उपयुक्त सुटे भाग शाळेच्याच संगणकांसाठी वापरणार" असं लिहून मंजुरी घ्या. प्रस्ताव महिनोन्महिने पडून राहतो हे खरंय आणि त्याचा राग येतो, पण मंजुरीशिवाय काढलेल्या एका रॅमचे पैसेसुद्धा हेडमास्तरांकडून वसूल होऊ शकतात. उरलेले मेलेले बोर्ड भंगारवाल्याला विकू नका, नोंदणीकृत रीसायकलरला देऊन पावती घ्या आणि ती निर्लेखनाच्या फाइलला लावा.