केळीचा मुनवा निवडताना: तलवारी की रुंद पानांचा?

मुनवा कंदातून फुटतो आणि वेगळा करून लावला की नवी केळ होते, हे परसात केळ असलेल्या कुणालाही सांगायला नको. घोळ होतो तो निवडताना. दोन-दोन फुटांची दोन पिलं शेजारी असली की हात हमखास हिरव्यागार, रुंद पानांच्या पिलाकडे जातो. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचं पिलू खुरटलेलं समजून छाटलं जातं. छाटायचं ते खरं तर रुंद पानांचं.

तलवारी मुनवा आईच्या कंदावर खोलवरच्या डोळ्यातून निघतो आणि तिला घट्ट जोडलेला असतो. अन्न आयतं मिळत असल्याने त्याला पानं पसरायची घाई नसते. मिळेल ते तो बुडात साठवतो. म्हणून बूड जाड, वर निमुळतं आणि कंद उभट, नारळाच्या आकाराचा. रुंद पानांचा मुनवा बहुधा जमिनीलगतच्या डोळ्यातून किंवा घड उतरवलेल्या जुन्या कंदातून येतो. आईशी त्याची जोड कच्ची, त्यामुळे आपलं अन्न आपणच करायला त्याला लवकर पान उघडावं लागतं. पान मोठं, पण बूड वरपासून खालपर्यंत सारखंच बारीक आणि कंद लहान. असा मुनवा फळतच नाही, हे मात्र खोटं. फळतो, पण निसवायला, म्हणजे केळफूल बाहेर टाकायला, उशीर लावतो आणि घडाला फण्या कमी येतात.

इथे एक शंका हटकून येते: टिश्यूकल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, रोपांची पानंही लहानपणापासून रुंद असतात, मग ती कशी चालतात? चालतात, कारण त्या रोपाला आई नसते, पहिल्या दिवसापासून ते स्वतःच्या मुळांवर जगतं. रुंद पान हा दोष नव्हेच. ती आईकडून अन्न कमी येत असल्याची खूण आहे, आणि ती खूण आईला जोडलेल्या पिलापुरतीच खरी.

ही खूण वयानेही बुजते. तलवारी मुनवा वाढला की त्याचीही पानं रुंद होतात, आईचा घड कापला की आणखी लवकर. म्हणून चार-पाच फुटी पिलाचा निकाल पानावरून लावू नये. माती सारून बूड बघावं. लावायला तीन-चार महिन्यांचा, 450 ते 750 ग्रॅम कंदाचा मुनवा उत्तम.

काढताना आई आणि पिलाच्या मधे पहार घालून कंदासकट वेगळा करावा. ओढून काढला की कंद फाटतो. काप पांढरा हवा. तपकिरी बोगदे दिसले तर आत कंद पोखरणारा सोंडकिडा आहे, तो मुनवा बागेबाहेर टाकावा. मुळ्या छाटून, वर 15–20 सेंमी खोड ठेवून, लिटरला 1 ग्रॅम कार्बेन्डाझिमच्या पाण्यात अर्धा तास बुडवावा. जळगावकडे मृगबाग जून-जुलैत आणि कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात. अंतर साधारण 1.5 × 1.5 मीटर.

आईवर हरण्या किंवा पर्णगुच्छ हे विषाणूंचे रोग असतील तर तलवारी पिलूही नको. विषाणू कंदातूनही येतो, बुडवणीने जात नाही. आधी झाड निवडावं, मग पिलू.

नको असलेली पिलं विळ्याने जमिनीलगत कापणं हा आणखी एक वाया जाणारा उद्योग. वाढीचा कोंब खाली कंदात असतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत मधून नवी सुरळी वर येते. कापल्यावर पहारीच्या टोकाने मधला गाभा खोलवर उकरून काढावा. निसवण होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी हे करावं. पिलबाग, म्हणजे त्याच कंदावरचं पुढचं पीक, धरायची असेल तर निसवणीनंतर एकच तलवारी पिलू राखावं. दोन राखली तर दोन्ही घड बारीक येतात.