दुपारी चार्ज न होणारा लॅपटॉप

मे महिन्यात दुपारी भाचीचा फोन आला. ती अमळनेरजवळच्या गावात राहते, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट जमा करायला चार दिवस उरले होते. "मामा, लाइट आहे, चार्जर लावलेला आहे, पण बॅटरी ३४ टक्क्यांवरून हलतच नाही. खाली लिहून येतंय, प्लग्ड इन, नॉट चार्जिंग. आणि रात्री मात्र होतो चार्ज!" मागून तिच्या आजीचा आवाज ऐकू आला, "तेले ताप उना व्हई." म्हणजे, त्याला ताप आला असेल.

शेजारच्या काकांचं मत वेगळं होतं. दुपारी व्होल्टेज पडतं, रात्री चांगलं असतं, म्हणून रात्री चार्ज होतो. खेडेगावात राहणाऱ्याला हे लगेच पटतं, कारण पंखा मंदावलेला, मिक्सर कण्हत फिरणारा, ट्यूब लागायला वेळ घेणारी, हे सगळं आपण रोज पाहतो. मग लॅपटॉपच वेगळा कसा?

तो खरंच वेगळा असतो. भाचीला म्हटलं, अ‍ॅडॉप्टर उलटा कर आणि मागचं बारीक अक्षर वाच. तिथे लिहिलं होतं, इनपुट १०० ते २४० व्होल्ट. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची, सेकंदाला १०० वेळा दिशा बदलणारी वीज. अ‍ॅडॉप्टर आधी तिला एकाच दिशेची करतो, मग आतला इलेक्ट्रॉनिक स्विच तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. वीज इतक्या वेगाने हलत असली की छोटासा ट्रान्सफॉर्मरही पुरतो. जुन्या रेडिओच्या एलिमिनेटरमध्ये वजनदार ट्रान्सफॉर्मर असायचा आणि आजचा ६५ वॉटचा अ‍ॅडॉप्टर तळहातावर मावतो, त्याचं कारण हेच. या पद्धतीचा दुसरा फायदा असा की बाहेर किती व्होल्ट जात आहेत यावर आतलं सर्किट सतत नजर ठेवतं. आत येणारं व्होल्टेज कमी झालं की ते स्विच जास्त वेळ चालू ठेवतं. त्यामुळे आत २३० असो की १७०, बाहेर ठरलेले १९ किंवा २० व्होल्टच पडतात. पंख्याला ही सोय नाही, म्हणून तो मंदावतो.

शिवाय भाचीच्याच बोलण्यात एक पुरावा होता. बॅटरी ३४ वर थांबली होती, उतरत नव्हती. लॅपटॉप चालू होता, म्हणजे त्याला वीज कुठून तरी मिळत होती आणि ती बॅटरीतून जात नव्हती. याचा अर्थ भिंतीपासून लॅपटॉपपर्यंतचा रस्ता ठीक होता. चार्जिंगची तक्रार आली की मी हा प्रश्न सर्वात आधी विचारतो: टक्के थांबलेत की उतरतायत? उत्तरावरून तपासाची दिशाच बदलते.

उतरत असतील तर दोष बाहेर शोधावा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला लावून पाहावं. अ‍ॅडॉप्टरच्या ठोकळ्यात घुसणारी वायर नीट दाबावी, ती अनेकदा अर्धी बाहेर आलेली असते. पिनेजवळची वायर वाकवून गुंडाळायची सवय असेल तर ती तिथेच आतून तुटते. टाइप-सीचं पोर्ट असेल तर टॉर्चने आत पाहावं. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या गावांत सगळीकडे बारीक तंतू उडत असतात. ते पोर्टमध्ये साचले की पिन पूर्ण आत बसत नाही. लॅपटॉप बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने ते काढता येतात, सुईने मात्र कधीही नाही.

एक दोष असा आहे की तो भल्याभल्यांना चकवतो. काही कंपन्यांच्या गोल पिनेत मधोमध एक केसासारखी बारीक पिन असते. त्या पिनेतून वीज जात नाही, ओळख जाते: मी अमुक वॉटचा चार्जर आहे. ती वाकली किंवा स्वस्तातल्या चार्जरमध्ये ओळख सांगणारी चिपच नसली, तर लॅपटॉप त्या चार्जरवर चालतो, पण बॅटरी भरायला नकार देतो. टाइप-सीमध्ये हाच संवाद आणखी सविस्तर चालतो. जोडताक्षणी चार्जर फक्त ५ व्होल्ट देतो. मग दोघं आपापसांत ठरवतात आणि व्होल्टेज ९, १५, २० असं चढतं. मोबाइलचा १८ वॉटचा चार्जर लावला तर लॅपटॉप त्याला ओळखतो, पण काम करतानाच त्याला १५-२० वॉट लागत असतील तर बॅटरीच्या वाट्याला काय उरणार? भाचीचा चार्जर मूळचाच होता आणि रात्री तोच चार्जर बॅटरी पूर्ण भरत होता. म्हणजे ओळखीचाही प्रश्न नव्हता.

उरली बॅटरी. ती ज्या खोलीत चार्ज होत होती ती खोली मला माहीत आहे. घराच्या पुढच्या बाजूला नवीन बांधलेली, वर सिमेंटचाही नाही, लोखंडी पत्रा. खानदेशात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांकडे जातो, कधी त्याच्याही वर. दिवसभर तापलेला पत्रा दुपारी खाली आग ओकत असतो. त्यात लॅपटॉप गादीवर ठेवलेला, खालची हवेची जाळी गादीने बंद केलेली.

लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमध्ये तीन-चार लिथियम-आयन सेल असतात आणि त्यांना चिकटून एक थर्मिस्टर, म्हणजे तापमानाबरोबर ज्याचा विद्युतरोध बदलतो असा मण्याएवढा सुटा भाग. २५ अंशांना त्याचा रोध साधारणपणे १० हजार ओहम असतो, ४५ अंशांना तो निम्म्याच्याही खाली येतो. पॅकमधली चिप हा रोध मोजत राहते. बहुतेक लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची मर्यादा ० ते ४५ अंश असते, पण वापरण्याची मर्यादा ६० अंशांच्या आसपास जाते. म्हणून ४५ च्या वर चिप चार्जिंगचं दार बंद करते आणि लॅपटॉप चालतच राहतो. भाचीला दिसत होतं ते नेमकं हेच.

भरणं आणि वापरणं यांत हा भेद का, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वात सुंदर विज्ञान वाटतं. सेलच्या एका बाजूला कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड असतं, दुसऱ्या बाजूला ग्राफाइट. वापरताना लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, ग्राफाइटमधून निघून आपणहून ऑक्साइडकडे जातात, उतारावरून पाणी जावं तसे. चार्ज करताना त्यांना उलट, चढावर रेटावं लागतं आणि सेलचं व्होल्टेज ४.२ पर्यंत न्यावं लागतं. त्या ताणलेल्या अवस्थेत आतलं द्रावण मुळात अस्थिर असतं. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर त्याचा एक पातळ थर तयार होतो. थोडा असला तर तो संरक्षक कवचासारखा काम करतो, पण उष्णतेत नको त्या प्रक्रिया वेगाने होतात, थर जाड होत जातो, लिथियम त्यात कायमचं अडकतं आणि वायू तयार होतो. बॅटरी फुगते ती या वायूने. कोबाल्ट ऑक्साइडचा उपयोग जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये दाखवला, अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनची बाजू वापरून सुरक्षित सेल बनवला, १९९१ मध्ये सोनीने तो बाजारात आणला. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी त्याच्याही आधी, सत्तरच्या दशकात पाया घातला होता. तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते.

मी भाचीला म्हटलं, खात्री करून घेऊ. मागच्या बाजूला त्यांचं जुनं धाब्याचं घर आहे, जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचंच छत. माती तापायला दिवस लागतो, तोपर्यंत संध्याकाळ होते. भर दुपारीही तिथे माठाजवळ बसल्यासारखं वाटतं. लॅपटॉप पूर्ण बंद करायचा, त्या खोलीत शहाबादी फरशीवर अर्धा तास ठेवायचा आणि मग बंद असतानाच चार्जर लावायचा. फ्रिजमध्ये ठेवू का, असंही तिने विचारलं. अजिबात नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. कूलरच्या अगदी तोंडाशीही नको, ओली हवा थेट आत जाते.

पाऊण तासाने फोन आला. चार्जिंगचा दिवा लागला होता, पत्र्याच्या खोलीत तीन-चार दिवस न लागलेला, दुपारी तीन वाजता. व्होल्टेज तेवढंच होतं, चार्जर तोच होता.

उकाडा नसतानाही आकडा थांबत असेल तर आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. आकडा नेमका ६० किंवा ८० वर अडकत असेल तर बॅटरी जपण्याची सेटिंग चालू असते, तो दोष नव्हे. ९५ च्या वर असताना अनेक लॅपटॉप पुन्हा भरायला सुरुवातच करत नाहीत. कधी चार्जिंग सांभाळणारा छोटा कंट्रोलरच गोंधळतो. तेव्हा लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावं. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढला तर मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी दिसते. ५० वॉट-अवरची बॅटरी २० वर आली असेल तर तिचं वय झालं.

टचपॅड वर उचललं गेलं असेल, झाकण नीट बसत नसेल किंवा टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल तर तिथेच थांबायचं. ती फुगलेली बॅटरी आहे. ती दाबू नये, टोचू नये, चार्जर तर लावूच नये. लॅपटॉप बंद करून माहीतगार दुरुस्तीवाल्याकडे न्यावा आणि काढलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आपल्याकडे भंगारात त्या सर्रास जातात आणि एखादी कुणाच्या तरी हातात पेट घेते, याची मला मनापासून धास्ती वाटते.

भाचीने पुढचे दिवस लॅपटॉप धाब्याच्या खोलीत, पाटावर ठेवून वापरला. पहाटे उठून चार्ज करायची, मर्यादा ८० वर लावलेली. प्रोजेक्ट वेळेत जमा झाला. जूनमध्ये मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून हवा गार झाली, त्या दुपारी तिने मुद्दाम पत्र्याच्या खोलीत चार्जर लावून पाहिला आणि मला फोटो पाठवला. दिवा लागला होता.