सव्वा किलोचं बाळ आणि पित्तखडा

सोनोग्राफीच्या पडद्यावर पित्ताशय काळ्या पिशवीसारखं दिसतं. त्यात एक पांढरा ठिपका चमकतो, ठिपक्यामागे काळी सावली पडते. बाळाला कुशीवर वळवलं की ठिपका घरंगळतो. हाच खडा. "अहो, चाळिशीतल्या बायकांचं दुखणं हे, एवढ्याशा जिवाला कसं होईल?" परळच्या एनआयसीयूबाहेर, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाबाहेर, बसलेल्या आजीचा हा प्रश्न रास्त आहे.

कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं कच्ची. त्यांत पाणी साठतं, धाप लागते. ते पाणी लघवीवाटे काढायला फ्युरोसेमाइड देतात, म्हणजे हृदयरोग्यांच्या ओळखीचं लॅसिक्स. मोठ्यांची गोळी ४० मिलिग्रॅमची, किलोभराच्या बाळाला एका वेळी साधारण १ मिलिग्रॅम. पण मोठ्यांच्या अंगातून काही तासांत जाणारं हे औषध अशा बाळात दिवसभर रेंगाळतं. पाण्याबरोबर ते कॅल्शियमही लघवीत ओततं, त्यामुळे मूत्रपिंडात कॅल्शियमचे कण साठू शकतात.

पित्ताशयातल्या खड्यालाही हे औषध हातभार लावू शकतं, पण तिथे ते एकटं नसतं. दूध पोटात उतरलं की आतड्यातून एक संप्रेरक सुटतं, पित्ताशय आकसतं, पित्त वाहतं. ज्या बाळाला आठवडेच्या आठवडे शिरेतूनच पोषण मिळतं, त्याचं पित्ताशय पिळलंच जात नाही. साचलेलं पित्त दाट होतं, मग गाळ धरतो, मग खडा. त्यात जंतुसंसर्ग झाला किंवा आतड्याचं ऑपरेशन झालं की धोका आणखी वाढतो. शिरेतलं पोषण आणि फ्युरोसेमाइड ही जोडी १९८० च्या सुमारापासून डॉक्टरांच्या नजरेत आहे. पण हे औषध लागणारं बाळ मुळातच फार आजारी असतं, म्हणून सगळा दोष औषधाच्या माथी मारणं मला पटत नाही.

म्हणूनच नळीतून दिलेल्या एक-दोन मिलिलीटर दुधाचंही मोल मोठं. आईला दूध उतरत नसेल तर दुग्धपेढी आहे, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी. आशियातली पहिली आपल्याच सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली.

तान्ह्यांचे बरेच खडे पोटात दूध जाऊ लागल्यावर आपोआप विरघळतात. सोनोग्राफी करत लक्ष ठेवलं की पुरतं. लॅसिक्स मनाने बंद करू नका, बाळाला धाप लागेल. घरी आल्यावर डोळे पिवळे किंवा शी पांढरट, चिकणमातीसारखी दिसली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. तो लंगोट पिशवीत घाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.