कंगवा, चुंबक आणि कुलाब्याची ट्राम

कोरड्या केसांवरून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, लोहचुंबक टाचण्या उचलतो. वर्गात हे दोन्ही प्रयोग पाठोपाठ केले की एखादे मूल हमखास विचारते, "कंगव्याचा चुंबक झाला का?" हा प्रश्न झटकून टाकू नये. मोठमोठ्या विद्वानांनाही हा घोळ सोडवायला फार काळ लागला.

अंबर म्हणजे झाडाच्या चिकाचा दगडासारखा घट्ट झालेला खडा. तो घासला की काड्याकुड्या ओढतो आणि काळा चुंबकदगड लोखंड ओढतो, हे ग्रीकांना ठाऊक होते. इ. स. पूर्व 600 च्या सुमारास होऊन गेलेला ग्रीक विचारवंत थेल्स चुंबकात जीव असतो असे मानत असे. चीनमध्ये शेन कुओने 1088 च्या सुमारास दिशा दाखवणाऱ्या चुंबकसूचीचे वर्णन केले. पण ओढण्याचे कारण कोणालाच उलगडले नव्हते. लसूण चोळला की चुंबकाचा जोर जातो, अशीही समजूत होती.

विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने 1600 मध्ये चुंबकावर ग्रंथ लिहिला आणि दोन्ही गोष्टी वेगळ्या काढल्या. टोकावर सहज फिरणारी एक हलकी धातूची सुई करून त्याने काच, गंधक, लाख असे कितीतरी पदार्थ घासून तिच्याजवळ धरले. अंबराचा गुण या सगळ्यांत निघाला! हे पदार्थ कोणतीही हलकी वस्तू ओढतात, चुंबक मात्र लोखंडासारख्या मोजक्याच वस्तू ओढतो. चुंबकाला घासावे लागत नाही, ओलाव्याने त्याचे काही बिघडत नाही. घासलेल्या अंबराचा प्रभाव मात्र दमट हवेत मावळतो. आपल्याकडे जुलैमध्ये कंगव्याचा प्रयोग फसतो तो याच कारणाने. शिक्षकांनी तो थंडीत घ्यावा, मुलांचा हिरमोड होत नाही.

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडते. 1729 मध्ये स्टीफन ग्रे घासलेल्या काचनळीचा प्रभाव लांबलचक सुतळीवरून पलीकडे पाठवत होता. सुतळी रेशमी दोऱ्यांनी टांगलेली होती. एकदा भाराने रेशीम तुटले, म्हणून त्याजागी पितळेची तार लावली. तार मजबूत होती, पण पलीकडच्या टोकाला काहीच पोहोचेना. सगळा प्रभार, म्हणजे घासल्याने वस्तूवर साठणारी वीज, तारेतून निसटत होता. वीज वाहू देणारे सुवाहक आणि ती अडवणारे विद्युतरोधक हा भेद असा एका तुटलेल्या दोऱ्यातून हाती आला.

मग वेगाने भर पडली. 1733 मध्ये फ्रान्समध्ये द्यु फेने प्रभार दोन प्रकारचे असल्याचे दाखवले, फ्रँकलिनने त्यांना धन आणि ऋण म्हटले आणि 1785 मध्ये कुलोमने त्यांच्यातील बल मोजले. अंतर दुप्पट केले की बल चौथ्या हिश्शावर येते. चुंबकाच्या ध्रुवांनाही त्याने हाच नियम लावला, तरी वीज आणि चुंबकत्व यांचा एकमेकांशी संबंध नाही, असेच तो मानत होता.

1800 मध्ये व्होल्टाच्या विद्युतघटामुळे, म्हणजे पहिल्या बॅटरीमुळे, अखंड विद्युतधारा मिळू लागली. 1820 मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेडने तारेतून धारा सोडली आणि जवळची चुंबकसूची हलली. स्थिर प्रभाराने ती अशी वळत नाही, वाहत्या प्रभाराने वळते. गिल्बर्टने वेगळे केलेले दोघे पुन्हा एकत्र आले, आणि या वेळी कारणासह.

याचा एक पुरावा आपल्या दाराशीच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे होत होती. पुढे शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेवरची ट्राम आणायचे ठरले. ट्रामच्या विद्युतधारेने नाजूक चुंबकसूच्या हलल्या असत्या आणि सगळ्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात हे काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवण्यात आले. तिथली वेधशाळा 1904 मध्ये सुरू झाली आणि नोंदींचा धागा तुटू नये म्हणून 1906 पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे चालू ठेवली गेली. विजेची ट्राम मुंबईत 1907 मध्ये धावली.