ठरीव मूल्य विमा (संग्राह्य स्पोर्ट्‌स मोटारींचा)

मोटारीचा विमा उतरवतानाच मालक आणि विमा कंपनी यांनी तिची किंमत एकमताने ठरवायची, ती पॉलिसीवर आकड्यात लिहायची आणि मुदतीत गाडी पूर्ण नष्ट झाली किंवा चोरीला जाऊन मिळालीच नाही, तर घसारा न कापता तेवढी रक्कम द्यायची, या पद्धतीला ठरीव मूल्य विमा म्हणतात. व्यवहारात ‘ॲग्रीड व्हॅल्यू पॉलिसी’ हेच नाव रूढ आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत जुन्या, दुर्मीळ स्पोर्ट्‌स गाड्या जपणाऱ्यांमध्ये ही पद्धत विशेष प्रचलित आहे.

नेहमीच्या मोटार विम्यात अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव पाहिला जातो, आणि गाडी जितकी जुनी तितकी स्वस्त असे त्यात धरलेले असते. रोजच्या वापरातल्या गाडीला हे लागू पडते. संग्राह्य गाडीच्या बाबतीत हिशेब उलटा होतो. फेरारी कंपनीने १९६२ ते १९६४ या काळात ‘२५० जीटीओ’ या गाड्या अवघ्या ३६ बनवल्या. त्यांतली एक २०१८ साली कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. इतक्या थोड्या गाड्यांचा ‘बाजार’ असा नसतोच. वर्षानुवर्षे एकही गाडी विक्रीला येत नाही, त्यामुळे नुकसान झाल्यावर भाव ठरवायला बसले की वाद अटळ होतो; आणि त्या वेळी गाडी जळालेली किंवा चेपलेली असल्याने आपली बाजू मांडायला मालकाच्या हाती फारसे काही उरलेले नसते. गाडी धडधाकट उभी असताना, दोघांनी ती डोळ्यांनी पाहून किंमत ठरवावी, यातच या पद्धतीचे खरे मोल आहे.

मूळ कल्पना जहाजांच्या विम्यातली. जहाज बुडाल्यावर त्याची किंमत सिद्ध करणे अवघड, म्हणून ती आधीच ठरवून घेण्याची चाल सागरी व्यापारात जुनी आहे. ब्रिटनच्या १९०६ च्या आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांत अशा पॉलिसीला स्पष्ट स्थान आहे. फसवणूक झालेली नसेल, तर पॉलिसीत लिहिलेली किंमत दोन्ही पक्षांवर बंधनकारक असते. अमेरिकेत या क्षेत्रात अग्रगण्य असलेली हॅगर्टी ही कंपनीसुद्धा १९८४ मध्ये मिशिगन राज्यात लाकडी बोटींच्या विम्यापासूनच सुरू झाली आणि मोटारींकडे नंतर वळली.

नावाच्या साधर्म्यामुळे एक घोटाळा होतो. अमेरिकेत ‘स्टेटेड व्हॅल्यू’ नावाचाही प्रकार आहे. त्यात मालक किंमत नुसती सांगतो, ती कंपनीने मान्य केलेली नसते, आणि भरपाईच्या वेळी सांगितलेली किंमत व बाजारभाव यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देण्याची मुभा कंपनीला सहसा असते. म्हणजे मोठ्या आकड्यावर हप्ता भरूनही मालकाच्या हाती बाजारभावच पडू शकतो. सही करण्यापूर्वी हे कलम वाचलेच पाहिजे.

किंमत ठरवण्याचे काम किती बारकाईचे असते, हे पोर्शच्या १९७३ च्या ‘९११ कॅरेरा आरएस २.७’ वरून कळते. मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला पंख ही तिची खूण. पण तो पंख साध्या ९११ वरही बसवता येतो, आणि अनेकांनी तो बसवलेलाही आहे. म्हणून जाणकार मूल्यमापक पंखाकडे न पाहता आधी चेसिस क्रमांक वाचतो, तो ९११३६० या अंकांनी सुरू होतो का ते पाहतो, मग इंजिनावर ठोकलेला क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडतो आणि पत्र्याची जाडीही तपासतो, कारण या गाडीचे काही भाग मुद्दाम पातळ पत्र्याचे केलेले होते. मर्सिडीझच्या ‘३०० एसएल’ या वर उघडणाऱ्या दारांच्या गाडीची गोष्ट अशीच आहे: १,४०० गाड्यांपैकी फक्त २९ गाड्यांचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पत्र्याने मढवलेला होता. रंग चढवल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जुनी बिले, आधीच्या मालकांची कागदपत्रे आणि दुरुस्तीच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे यांची फाइल म्हणूनच गाडीइतकीच जपावी लागते, आणि तिची एक प्रत गॅरेजबाहेर ठेवावी लागते.

अशा पॉलिसीचा हप्ता बऱ्याचदा नेहमीच्या विम्यापेक्षा कमी असतो, कारण वापरावर बंधने असतात. वर्षाला ठरावीक मैलांपुरतीच गाडी चालवायची, ती बंदिस्त गॅरेजात ठेवायची, रोजच्या कामासाठी दुसरी गाडी असली पाहिजे, शर्यतीत उतरवायची नाही, अशा अटी सामान्यतः असतात.

ठरलेला आकडा कायमचा नसतो. १९८९ च्या सुमारास चढलेले भाव पुढच्या दोन-तीन वर्षांत कोसळले, आणि नंतरच्या दशकांत पुन्हा कितीतरी वर गेले. दर नूतनीकरणाला मूल्यमापन ताजे न केल्यास जुनाच आकडा लागू राहतो. शिवाय भरपाई दिल्यावर कंपनीकडे जाणारा मोडक्या गाडीचा सांगाडा परत विकत घेण्याचा हक्क मालकाला आहे का, हेही लिहून घ्यावे. मूळ चेसिस लिलावात परक्याच्या हाती जाणे हे पैशाने भरून न निघणारे नुकसान आहे.

भारतात २००२ च्या मोटार टॅरिफने, म्हणजे मोटार विम्याचे दर आणि अटी ठरवणाऱ्या नियमावलीने, ठरीव मूल्याच्या पॉलिसी देण्यास मनाई केली आणि अपवाद केला तो विंटेज गाड्यांचा, म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेल्या आणि व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाने प्रमाणित केलेल्या गाड्यांचा. उलट, २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. त्यामुळे १९६१ ची जॅग्वार ई-टाइप आरटीओच्या लेखी विंटेज ठरू शकते, टॅरिफच्या व्याख्येत मात्र बसत नाही. तिच्या मालकाला आधार आहे तो आयडीव्हीचा, म्हणजे पॉलिसीत गाडीची किंमत म्हणून लिहिलेल्या रकमेचा (इन्शुअर्ड्स डिक्लेअर्ड व्हॅल्यू). पाच वर्षांहून जुन्या गाडीची आयडीव्ही मालक आणि कंपनी यांनी आपसांत ठरवायची असते, आणि एकदा ठरली की पूर्ण नुकसानीच्या दाव्यात वर्षभर तोच बाजारभाव मानला जातो, पुढे घसारा लागत नाही. म्हणजे नाव वेगळे असले तरी एका वर्षापुरते हे ठरीव मूल्यच आहे. अडचण येते ती आकडा कमी लिहिला गेल्यावर. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. ई-टाइपचे लांबलचक बॉनेट पुढच्या मडगार्डांसह एकसंध असते. आयडीव्ही १० लाख लिहिलेली असेल, तर ते बॉनेट परदेशातून मागवून बसवण्याचा आणि रंगकामाचा खर्च साडेसात लाखांपलीकडे जाताच सहज दुरुस्त होणारी गाडीसुद्धा टोटल लॉस म्हणून निकालात निघते.