पटखेळ आणि इतिहासलेखनातील मूल्यदर्शन : खानदेश

खानदेशात खेळले गेलेले डावपेचांचे पटखेळ आणि या प्रदेशाविषयी लिहिल्या गेलेल्या तवारिखा, शिलालेख व वृत्तान्त यांतून त्या त्या काळच्या समाजाने कशाला मान दिला आणि कशाला कमीपणा मानला, याचा विचार या नोंदीत केला आहे. खानदेश म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे. इतिहासात मात्र बऱ्हाणपूर, असीरगड, बागलाण आणि मालेगावकडचा मुलूखही कमीअधिक प्रमाणात त्यात मोडे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधून वाहणारी तापी अशी त्याची ठेवण आहे. येथे राज्य करणाऱ्या फारूकी घराण्याच्या ‘खान’ या पदवीवरून खानदेश हे नाव आले, हे मत सर्वाधिक रूढ आहे. ‘कान्हदेश’ या व्युत्पत्तीचाही पुरस्कार झाला आहे. अकबराने १६०१ मध्ये हा मुलूख जिंकल्यावर शाहजादा दानियल याच्या नावावरून त्याला ‘दानदेश’ म्हटले, पण ते नाव लोकांच्या तोंडी बसले नाही.

तवारीख लिहिणारा आपल्या धन्याची बाजू मांडतो. खेळाचा नियम कोणाची बाजू घेत नाही. दोन्ही खेळाडूंनी तो वाद न घालता मान्य केलेला असतो, म्हणूनच साधन म्हणून त्याचे मोल वेगळे आहे. ग्रंथांत ही मूल्ये शोधताना स्तुतिपर मजकुरापेक्षा, लेखकाला जिथे सबब सांगावीशी वाटली ती जागा अधिक बोलकी ठरते.

प्राचीन पुरावा. अजिंठ्याची लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी ती खानदेशाच्या दक्षिण सीमेवरच्या डोंगरात आहेत. तेथील २ क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातकाची कथा रंगवलेली असून तिच्यात द्यूताचा प्रसंग येतो. पूर्णक नावाचा यक्ष कुरुराजाला फाशांच्या खेळात हरवतो आणि पण म्हणून राजाचा शहाणा अमात्य विधुर याला जिंकून नेतो. या लेण्याचा काळ पूर्वी सहाव्या-सातव्या शतकापर्यंत खाली आणला जाई. आता तो पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळाच्या आसपास धरण्याकडे कल आहे आणि तेच अधिक सयुक्तिक वाटते. येथे पणाला लागते ती राजाला सल्ला देणारी बुद्धी. कथेचा सगळा जीव त्या एका माणसाच्या जाण्यात आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील भवानीच्या देवळात शके ११२८ चा निकुंभ राजांच्या काळचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची आणि त्याला मिळालेल्या दानाची त्यात नोंद आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात जो माल उघडेल त्यावरची राजाकडे जाणारी पट्टी मठाला दिल्याचे तो सांगतो. गणिताच्या पाठशाळेचा खर्च बाजाराने सोसावा, ही व्यवस्था त्या राजवटीच्या विद्याप्रेमाचा कोणत्याही प्रशस्तीपेक्षा भक्कम पुरावा आहे.

बुद्धिबळ. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये बुद्धिबळाचा समावेश आहे. पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात आपल्या ‘नीतिमयूखा’त, म्हणजे राजनीतीच्या ग्रंथात, या खेळाचे वर्णन घातले. तेव्हा पट हा राज्यकारभाराच्या शिक्षणाचा भाग मानला जात होता, असे म्हणण्यास आधार मिळतो. संस्कृत ग्रंथांतला ‘मंत्री’ पुढे मराठी पटावर ‘वजीर’ झाला. शह, काटशह, मात, प्यादे हे शब्द फार्सीतून आले आणि राजकारणाच्या मराठीत असे मुरले की आजची वर्तमानपत्रे त्यांच्याशिवाय छापताच येणार नाहीत.

देशी पद्धतीच्या नियमांत दोन गोष्टी विशेष आहेत. प्यादे शेवटच्या घरात पोचले की ते ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले त्याचा मान त्याला मिळे. मनास येईल ते मोहरे मागून घेता येत नसे. बढती होती, पण ती जागेने ठरवलेली. दुसरी गोष्ट, प्रतिपक्षाचा नुसता राजा उरला की डाव ‘बुर्जी’ होई आणि पुरा विजय पदरात पडत नसे. शत्रूचे सारे सैन्य कापून काढणारा खेळाडू त्यामुळे निष्णात ठरत नसे, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची धरली जाई.

सारीपाट किंवा चौपड. या खेळाचे खानदेशाशी जुळणारे सर्वांत महत्त्वाचे वर्णन अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फज्ल याच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. चौपडीच्या १६ सोंगट्या, चार रंग आणि तीन फासे तो काटेकोरपणे सांगतो. बादशहाने स्वतः रचलेल्या चंदल-मंडल या खेळाचेही वर्णन देतो : मध्याभोवती वर्तुळाकार मांडलेले १६ पट, प्रत्येकात २४ घरे, एकूण ६४ सोंगट्या आणि ४ फासे. दरबारात कधी २०० हून अधिक माणसे चौपड खेळत. १६ डाव पुरे झाल्याखेरीज कोणाला घरी जाता येत नसे आणि काही वेळा त्याला तीन-तीन महिने लागत. ज्याचा धीर सुटे त्याला मद्याचा पेला रिचवावा लागे. वरवर पाहता हा खेळ असला तरी बादशहा त्यातून माणसांची पारख करतो, असे अबुल फज्ल शेवटी आवर्जून लिहितो. ते आवर्जून लिहिणेच लक्षात घ्यावे. खेळात रमलेला राजा नावाजण्याजोगा नाही, हे लेखकाला आणि वाचकालाही ठाऊक होते. म्हणून त्या खेळाला परीक्षेचे रूप द्यावे लागले, आणि परीक्षेचा विषय होता चिकाटी. हाच अबुल फज्ल १५९९ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर आला आणि असीरगडाच्या वेढ्यात प्रत्यक्ष वावरला.

असीरगड. बऱ्हाणपूरजवळच्या या गडाच्या दोन पाडावांच्या कथा इतिहासलेखनातील मूल्यदर्शनाचे उत्तम उदाहरण आहेत, म्हणून त्यांचा तपशील येथे दिला आहे.

पहिली कथा फिरिश्ता या फार्सी तवारीखकाराची. गड आसा अहीर नावाच्या धनाढ्य गोपालकाकडे होता. हजारो गुरेढोरे बाळगणाऱ्या या माणसाने दुष्काळात आपली धान्याची कोठारे लोकांसाठी उघडली, असे फिरिश्ता सांगतो. मलिक राजा फारूकीचा मुलगा नासिरखान याने, सुमारे १४०० मध्ये, शेजारच्या राजांच्या भीतीचे निमित्त सांगून आपल्या कुटुंबातील बायकांना गडावर आसरा मागितला. आसाने तो दिला. आधीच्या डोल्यांत बायकाच होत्या, मागून आलेल्या २०० डोल्यांत हत्यारबंद माणसे होती. स्वागताला आलेले आसा आणि त्याची मुले मारली गेली आणि गड फारूकींकडे गेला.

या कथेच्या सत्यतेविषयी शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. डोल्यांतून सैनिक नेण्याचा प्रसंग चितोडच्या पद्मिनीच्या आख्यानात आहे आणि शेरशहाने रोहतास घेतल्याच्या हकिकतीतही आहे. हे फिरते कथाबीज आहे. ‘आसा अहीर’वरून ‘असीर’ ही व्युत्पत्तीदेखील गडाच्या नावावरून माणूस कल्पिल्यासारखी दिसते. फिरिश्ता १६०४ च्या सुमारास, विजापूरच्या राजकन्येचा दानियलशी विवाह व्हायचा होता त्या निमित्ताने, बऱ्हाणपुरास आला होता. म्हणजे कथा नोंदली गेली तेव्हा मूळ घटनेला दोन शतके उलटली होती आणि फारूकींचे राज्य नुकतेच बुडाले होते. या संदर्भामुळे तिचे वजन बदलते. दुष्काळात धान्य वाटणारा आणि आसरा मागणाऱ्याला नाही न म्हणणारा आसा हा कथेचा खरा नायक आहे. जिंकणाऱ्याच्या धर्माचा लेखक हरणाऱ्याची दानत इतक्या ठळकपणे लिहून ठेवतो, ही गोष्ट डोल्यांच्या खरेखोटेपणाहून मोठी आहे.

दुसरा पाडाव जानेवारी १६०१ मधला. फारूकी सुलतान बहादूरखान डिसेंबर १६०० मध्ये गडाबाहेर येऊन अकबराच्या हाती सापडला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी गड पडला. अबुल फज्लच्या मते गडावर दाणागोटा व तोफा भरपूर होत्या, पण माणसांच्या दाटीने रोगराई पसरली आणि शिबंदी खचली. छावणीत असलेल्या जेरोम झेवियर या जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्याच्या पत्रांवर आधारलेला जेझुइट वृत्तान्त वेगळे सांगतो. अकबराने शपथ वाहून बहादूरखानाला बाहेर बोलावले, मग अडकवून ठेवले आणि शेवटी पैसा चारून दरवाजे उघडवले. इंग्रज इतिहासकार व्हिन्सेंट स्मिथ याने १९१७ मध्ये जेझुइट वृत्तान्त ग्राह्य धरून अबुल फज्लला खोटे ठरवले. पुढे त्याच वृत्तान्ताचे भाषांतर करणाऱ्या पेन याने १९२६ मध्ये त्याच्या विश्वसनीयतेवरच बोट ठेवले. रोगराई आणि फितुरी ही दोन्ही कारणे एकाच वेळी असू शकतात, आणि तसेच धरणे बरे. शपथेचा मुद्दा मात्र एकाच बाजूच्या कागदावर उभा आहे.

जेझुइट वृत्तान्तातला हबशी किल्लेदाराचा प्रसंग विसरता येत नाही. राजा शत्रूच्या हाती गेला तरी त्याने गड झुंजता ठेवला. गडावर राजघराण्यातील पुरुष होते. त्यांच्यापैकी एकाने गादीवर बसावे म्हणून त्याने विनवले, कोणी पुढे झाला नाही, तेव्हा त्याने स्वतःच्याच हाताने आपल्या गळ्याला फास लावला. पटावर राजा कोंडला की डाव संपतो, उरलेली मोहरी डब्यात जातात. असीरगडावर राजा गेल्यावरही डाव चालू राहिला. या हबशाची निष्ठा बहादूरखान या माणसाशी नव्हती. ती गादीशी आणि गडाशी होती. बुद्धिबळाच्या नियमात या मूल्याला जागा नाही, आणि वृत्तान्ताने ते टिपले नसते तर आपल्याला कळलेही नसते.

फारूकींची स्वतःची तवारीख उपलब्ध नसल्याने त्यांची बाजू शिलालेखांतूनच ऐकावी लागते. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. ‘श्रीसृष्टिकर्त्रे नमः’ असा त्याचा आरंभ, त्यात घराण्याची वंशावळ आणि शके १५११ ची पंचांगासह दिलेली मिती. मशिदीच्या भिंतीवर तिथी-नक्षत्र कोरून घेणारा राजा कोणत्या रयतेला डोळ्यापुढे ठेवून होता, हे निराळे सांगायला नको.

थाळनेर. फारूकींची पहिली राजधानी असलेला तापीकाठचा हा किल्ला १८१८ मध्ये मंदसोरच्या तहाने होळकरांकडून इंग्रजांकडे जायचा होता. फेब्रुवारीत इंग्रज सेनापती हिस्लॉप याचे सैन्य आले तेव्हा दरवाजाशी बोलणी चालू असतानाच चकमक उडाली, इंग्रज अधिकारी पडले, मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आले. या फाशीवर ब्रिटिश पार्लमेंटातही टीका झाली. दगा कोणी केला, हा वाद येथेही दरवाजातल्या बोलण्यावरच येऊन ठेपतो. खुद्द किल्ल्यावरच्या माणसांची बाजू कागदावर फारशी उतरलेली नाही.

साधने. फिरिश्त्याचे इंग्रजी भाषांतर (१८२९) करणारा जॉन ब्रिग्ज हाच इंग्रजी अमलातला खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट होता. त्याचे भाषांतर बरेच सैल आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खानदेश खंडात (१८८०) आलेल्या फारूकी हकिकतीला मुख्यतः फिरिश्त्याचाच आधार आहे, आणि गावोगावच्या स्मरणिकांत आसा अहिराची कथा गॅझेटिअरवरून उतरते. मूळ कागद पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा आग्रह इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जन्मभर धरला. १९२६ च्या अखेरीस त्यांचे निधन धुळ्यातच झाले. पुढच्याच वर्षी तेथे स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात त्यांचा कागदपत्रांचा संग्रह जपला आहे.

लोकखेळ. वाघ-बकरी, नवकंकरी, चिंचोक्यांनी खेळायचा चल्लस-आठ हे खेळ ग्रंथांत क्वचित येतात. त्यांचा पट देवळाच्या फरशीवर कोरलेला किंवा ओट्यावर कोळशाने काढलेला असतो. चिंचोके दगडावर घासून त्यांची एक बाजू पांढरी करतात आणि ते ओंजळीत खुळखुळवून टाकतात. वाघ म्हणून जरा मोठा खडा, बकऱ्या म्हणून तुरीचे दाणे किंवा खापऱ्या. वाघ उडी मारून बकरी खातो, बकरीला वाघ मारता येत नाही. बकऱ्यांनी एकमेकींच्या पाठीशी राहून त्याच्या वाटा बुजवायच्या, एवढाच त्यांचा जोर. वाघांची व बकऱ्यांची संख्या गावागणिक बदलते, पण वाघ मरत नाही, कोंडला जातो, हा नियम कायम असतो. सातपुड्यातील भिल्लांच्या गावांत वाघदेवाची पूजा होते, तिच्याशी या नियमाचा संबंध जोडण्याचा मोह होतो. मात्र हाच खेळ याच नियमाने दक्षिण भारतात आणि नेपाळातही खेळतात, म्हणून तो संबंध ताणू नये.

आखाजी. अक्षय्य तृतीयेचा हा सण खानदेशात दिवाळीइतका मोठा. माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत झोके घेतात आणि पुरुषमंडळी पारावर, ओट्यावर, झाडाखाली उघडपणे पत्त्यांचे डाव मांडतात. एरवी जुगार म्हणून जे लपून चालते त्याला या दिवसांत गावाची मूक संमती असते. सालदाराचे, म्हणजे सालाच्या कराराने राबणाऱ्या शेतगड्याचे, वर्षही आखाजीलाच संपते. मालकाशी हिशेब होतो, उचल फिटली की नाही ते पाहिले जाते आणि पुढच्या सालाचा करार ठरतो. हिशेब मिटलेला आणि नवा करार अजून लागू न झालेला, अशा त्या मधल्या एक-दोन दिवसांत सालदार आणि मालक एकाच घोंगडीवर पत्ते पिसायला बसलेले दिसतात.